मावशीने काय घोडं मारलंय?

मित्रांनो, मी एक जुना दुसरा भाग आहे. कशाचा, ते विचारू नका. ते पहिल्या भागात आहे, आणि माझा तो थोरला भाऊ वाचनालयातून कोणीतरी नेला तो नेलाच!

छापखान्यात आम्ही जोडीने जन्मलो. भविष्यातल्या एका भयाण नगरीची गोष्ट आमच्यात वाटलेली. कोण कुणाचं कोण, हे त्याच्या पोटात. पळापळ, मारामारी माझ्या. तो असताना काय आमचं कौतुक होतं! तो गेला आणि माझे हाल कुत्रं खाईना.

माझं पहिलंच वाक्य आहे, 'मावशीला संपवल्याशिवाय सुटका नाही.' वाचणारा दचकतो. कोण मावशी? अरे, शेवटपर्यंत चला, कळेल! पण नाही. चार पानं उलटून परत, वर "काही कळतच नाही." पाठीवर ठळक 'भाग दुसरा' छापलंय, ते काय शोभेला?

शेवटी ग्रंथपाल बाईंनी मला रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं. तिथून एका दहावीतल्या मुलीने मला उचललं.

"बाई, मी वाचते ना!"

"सगळे असंच म्हणतात. तूही अर्धवट परत आणलंस, तर सरळ रद्दीत."

घरी ती मोठ्याने वाचू लागली, "मावशीला संपवल्याशिवाय सुटका नाही!"

तिची खरी मावशी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "का गं, मी काय घोडं मारलंय तुझं?"

"तू नाही गं, पुस्तकातली!"

"मग तिने तरी काय घोडं मारलंय?"

"तेच तर कळत नाहीये!" मुलगी माझ्यावरच खेकसली. संपलं, म्हटलं, आता रद्दी! पण मावशीच खुर्ची ओढून बसली. "वाच पुढे. बघू, कोण हात लावतंय तिला."

दोघी भांडत भांडत वाचत गेल्या. शेवटच्या प्रकरणात नायिकेने मावशीच्या पाठीचं झाकण उघडून वायर उपटली, तेव्हा दोघी एकदम किंचाळल्या, "अगं, हे तर यंत्र आहे!"

हो, नगरीवर नजर ठेवणारं यंत्र. लोक त्याला मावशी म्हणत. एवढंच! भावाच्या पोटातल्या या एका ओळीपायी मी वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली.

मुलीने माझ्या पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवली, 'यातली मावशी यंत्र आहे. घरच्या मावशीने मनाला लावून घेऊ नये.' परत घेताना बाई ती वाचून हसल्या आणि त्यांनी मला पुन्हा कपाटात ठेवलं.

आता मला मागणी आहे, पण शेजारची जागा रिकामीच. मित्रांनो, तुमच्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली एकदा वाकून बघा. तिथे माझा भाऊ असेल, तर टेबलाला दुसरं काहीतरी द्या आणि त्याला घरी पाठवा. मलाही एकदा कळू दे, त्या यंत्राला मावशीच का म्हणत होते, आत्या का नाही!