चार बोटं पुढं

लोणावळ्याच्या बाजारात माझं जीन शिवायचं दुकान होतं. माझं नाव राजमहंमद, पण सगळे मला चाचाच म्हणत. माझ्या जिभेला घाबरून निम्मी गिऱ्हाइकं पुण्याला जात, आणि तिथलं जीन घोड्याला लागलं की पुन्हा माझ्याकडेच येत. माणसं स्वतःची वहाण दहा वेळा पायात घालून बघतील, घोड्याच्या पाठीला मात्र कुणाचंही जीन चालतं असं त्यांना वाटतं. घोड्यानं पाडलं, की घोडा माजोरी. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

चौतीस सालची दिवाळी नुकतीच झाली होती. कुरवंड्याची नंदाबाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याकडे, सोपानकडे, मैना नावाची पांढरी घोडी होती. मावळात कुठंही लग्न असलं की नवरदेवाला वरातीला मैनाच लागायची. सोपान तिच्यावर बसून लग्नाच्या गावी जायचा, तिथं नवरदेवाला बसवायचा आणि लगाम धरून पुढं चालायचा.

"चाचा, म्हैन्यात दोनदा पाडलं तिनं त्यास्नी," नंदाबाई म्हणाली. "दुसऱ्या डाव तर पार दरीच्या कडंला. बरगडी मोडली. मी लगीन करून आले तवाधरनं ती घोडी गरीब गायीवानी हाय. जीनच लागत आसंल. तिच्या पाठीला बसंल आसं जीन करा, चाचा. न्हाईतर एक दिस ती घरी येईल आन हे येनार न्हाईत."

घोडीला दोष न देता जिनाला दोष देणारी ही पहिलीच बाई भेटली. मला ती फार आवडली. मी म्हणालो, "सोपानला घेऊन घोडी इकडं धाड. आयती जिनं समदी घालून बघू. बसलं त्यातलं तर बसलं, न्हाईतर नवं शिवू."

दोन दिवसांनी सोपान घोडी घेऊन आला. उंच, हसऱ्या तोंडाचा गडी, पण बरगडी धरून चालत होता. मैनेच्या दोन्ही खांद्यांवर केस झडून कातडं उघडं पडलं होतं. मी बोट टेकवल्याबरोबर तिनं कान मागं पाडले.

दुकानात होती ती पाच जिनं मी काढली. घोडी पांढरी, म्हणून पाठीवर राखेऐवजी तांबडी काव चोळली आणि जिनाखाली धुतलेलं धडपं घातलं. जीन टेकेल तिथं काव धडप्याला लागते, आणि सगळीकडे सारखी लागली तर जीन बसलं असं समजायचं. "चढव तूच," मी सोपानला म्हणालो. त्यानं पाचही जिनं एकामागून एक चढवली, पन्नास पावलं फिरवली. पाचही वेळा धडप्यावर तेच दिसलं, खांद्यांच्या जागी दोन लालभडक डाग आणि बाकी कोरं.

पाच वेगळी जिनं एकाच जागी लागत नाहीत. मग मी जिनाकडे बघायचं सोडून त्याच्या हातांकडे बघितलं. तो प्रत्येक जीन चार बोटं पुढं, थेट खांद्यांवर चढवत होता. घोडीनं पाय उचलला की खांद्याचं हाड जिनाच्या लाकडी सांगाड्यावर आपटणार, आणि उतारावर तर सगळा भार तिथंच येणार.

मी त्याला बाजूला केलं आणि जीन मागं, त्याच्या जागेवर ओढलं. मैनेनं लांब श्वास सोडला आणि मान खाली घातली. जीन सरकताना आयाळ बाजूला झाली आणि मानेच्या मुळाशी, उंचवट्यावर, एवढा वेळ दडलेला केसांचा एक भोवरा दिसला. सोपाननं झटकन त्यावर तळहात ठेवला.

"चाचा, कुनाला बोलू नगा."

खांद्यांवरचा भोवरा म्हणजे स्वार खाणारा भोवरा, असं आमच्याकडे मानतात. अशा घोड्यावर कुणी आपला नवरदेव बसवणार नाही. वडगावच्या बाजारात मैना घेतली तेव्हा विकणाऱ्यानंही जीन असंच पुढं चढवून भोवरा झाकला होता, आणि सोपाननं तीच रीत चालू ठेवली होती. कातडं झडेपर्यंत मैनेनं ते मुकाट सोसलं होतं.

"आरं गाढवा," मी म्हणालो, "भोवरा झाकायला तू जीन पुढं घेतोस, म्हनून ती पाडती. आन पाडती म्हनून भोवरा खरा ठरतो."

"मला कळतंय वो. लोकास्नी कोन सांगनार?" तो म्हणाला. "नंदीला तर न्हाईच न्हाई. तिचा सख्खा भाव घोड्यावरनं पडूनच मेला. भोवरा कळला तर ती मला उंबऱ्याभाईर जाऊ द्याची न्हाई. जबान द्या, चाचा."

मी जबान दिली. खरं सांगायचं तर मला माझ्या अकलेची घमेंड होती. झाकायचंही आणि लागायचंही नाही, असं काहीतरी मला करून दाखवायचं होतं. मी मैनेच्या पाठीच्या मापाचं नवं जीन शिवलं आणि त्याखालचा नमदा चार बोटं जास्त पुढं ठेवला. जाड लोकरीच्या त्या नमद्याला लाल मखमलीची किनार लावली. नमद्यानं भोवरा झाकला आणि जीन मागं आपल्या जागी राहिलं. काव लावून पाहिली, तर धडप्यावर सगळीकडे सारखा फिकट रंग. असं जीन मी जन्मात शिवलं नव्हतं.

"जीन मीच चढवतो, दुसरं कुनी हात लावत न्हाई," सोपान म्हणाला.

तो घोडी घेऊन निघाला तेवढ्यात शेजारचा नथू तांबट बाहेर आला. "चाचा, जीन मागं घसरलंय की!" म्हणत त्यानं जिनाला हात घातला आणि पुढं ओढायला लागला. मी त्याच्यावर असा खेकसलो की सगळा बाजार वळून बघायला लागला. नथूचा काय दोष? जिनाची आणि नमद्याची पुढची कड बरोबरीनं असायची, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं.

तीन लग्नं सुरळीत पार पडली. मैनेच्या खांद्यांवर नवे केस आले. नंदाबाईनं माझ्यासाठी वालाच्या शेंगा धाडल्या. सोपान येता-जाता हात वर करून हसायचा. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. घोडी कुठं उभी दिसली की मी आधी तिच्या जिनाकडे बघायचो. एकदा स्टेशनाबाहेर एका हमालानं जिनाला हात घातला. एकदा तर चांगला घोडेवाला असलेला दत्तोबा, गप्पा मारता मारता, जीन पुढं सरकवून मोकळा झाला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. जो तो मदतच करायला धावत होता, आणि त्याचंच मला भय वाटायला लागलं.

मी सोपानला गाठलं. "नमदा जिनाला टाचून टाकू. मग जीन एकलं सरकनार न्हाई. आन नंदाला येवढं तरी सांग, की जिनाला हात लावू नगंस."

"का म्हनून इचारंल ती. मग काय सांगू?" तो म्हणाला. "बेस्तरवारी नवलाख उंबऱ्याला लगीन हाय. शुक्करवारी आनतो जीन टाचायला."

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास सोपानचा भाऊ महिपती दुकानासमोरून पळत गेला. त्याच्या पायात वहाणा नव्हत्या. काय झालं ते मला त्याला विचारावं लागलं नाही. कुरवंड्याच्या उतारावर धुक्यात मैना उधळली होती आणि सोपान दरीत गेला होता.

तेराव्यानंतर नंदाबाई आली. तिनं मैनेची दोरी धरली होती, घोडीची पाठ मोकळी होती आणि जीन बाईच्या डोक्यावर होतं. तिनं ते माझ्यापुढं ठेवलं. रडली नाही. गावातल्या बायका म्हणत होत्या की ती अजून एकदाही रडलेली नाही.

"चाचा, एक इचारते, खरं सांगा. जीन चुकलं व्हतं का? न्हाई, तुमाला बोल लावत न्हाई मी. पन त्या दिशी ह्यांना उशीर झालता, फेटा बांधत व्हते, म्हनून जीन मी चढवलं. नमदा पुढं आलता आन जीन मागं घसरलं व्हतं. मी चांगलं पुढं वढून कडंला कड लावली. पोटाखालचा तंग आवळला. दंवानं मखमल भिजंल म्हनून वर घोंगडं टाकलं. हे तसंच बसले." तिनं माझ्याकडे बघितलं. "मी नीट बसवलं व्हतं न्हवं?"

आरी माझ्या हातातच राहिली. 

"परवा वरात हाय कामशेतला," ती पुढं म्हणाली. "महिपती भावजी जानार. जीन मीच चढवनार, दुसऱ्या कुनाला लावू देनार न्हाई."

जीन चुकलं असं म्हणालो असतो, तर ती दुसरं जीनही असंच पुढं ओढणार होती आणि महिपती त्याच उतारावरून जाणार होता. खरं सांगितलं असतं, तर आपल्या हातानं नवरा दरीत ढकलला हे घेऊन ती घरी गेली असती. मला ठाऊक होतं, ती घरापर्यंत पोचलीच नसती.

मी उठलो. मैनेच्या मानेच्या मुळाशी हात ठेवला आणि केस बाजूला केले.

"हे बघ."

ती वाकली आणि एकदम मागं सरकली. "भवरा?"

"सोपानला ठावं व्हतं. तुझ्यापास्नं झाकलं त्यानं. मीबी झाकलं."

"म्हंजी जीन न्हवं? हिनं खाल्लं त्यास्नी?"

आयुष्यभर मी लोकांना या भोवऱ्यांवरून शिव्या घातल्या होत्या. मैना माझ्या बाहीला नाक घासत होती.

"व्हय पोरी," मी म्हणालो. "हिनंच."

तेव्हा नंदाबाई रडली. पायरीवर बसून, कपाळ गुडघ्यांना लावून, पोटभर रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या अंगावरचं ओझं उतरत असलेलं माझ्या हाताला कळत होतं.

घोडी माझ्या दारातच सोडून ती घरी गेली. दुपारी महिपती आणि आणखी दोघं जण घोडीला न्यायला आले. महिपती माझ्याकडे न बघता म्हणाला, "नागफनीच्या कड्यावर नेतो, लोटायला." मी मैनेला मागून घेऊ शकलो असतो. पण मग ती रोज माझ्या दारात उभी राहिली असती, आणि माणूस खाणारी घोडी चाचा कसा पाळतो, असं एक दिवस नंदाबाईनं मला विचारलं असतं.

मी दोरी सोडून त्यांच्या हातात दिली. मैना कुरवंड्याच्या वाटेनं त्यांच्यामागं निघाली. पाठीवर काहीच नव्हतं, त्यामुळे ती फार चांगली चालत होती.