कल्पनाताईंचा नंबर

मी एक वेबसाइट आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. पण ज्यांचे हातपाय जायबंदी झालेत त्यांच्यासाठीच माझा जन्म झाला. उज्जैनच्या माधव नगरात तात्या आणि कल्पनाताई या नवराबायकोंनी एक केंद्र काढलं. वॉकर, व्हीलचेअर, पलंग न्या, गरज संपली की परत आणून द्या. तिथलीच मी.

मला कल्पनाताईंनी हौसेनं नटवलं. झेंडूचा पिवळा रंग, पळती लाल अक्षरं. नंतर सत्कार होत गेले आणि शाल-श्रीफळाचे फोटो माझ्या डोक्यावर चढत गेले. ताईंचा फोन नंबर मात्र पार तळाशी गेला. मग ताईही गेल्या. माझ्याकडे कुणी फिरकेना. केंद्रातल्या व्हीलचेअर धूळ खात पडल्या.

अशात मृणाल आली. फ्रीगंजच्या एका कंपनीत ती वेबसाइटच बनवते. तिच्या आईचं हाड मोडलं तेव्हा तिनं नंबर लावून लावून पाहिला, कुणी उचलेना; अखेर स्वतः येऊन वॉकर नेला. तो परत करताना म्हणाली, "तात्या, साइट मी नवी करून देते. पैसे-बिसे काही नकोत."

"कर, पण फोटो हटवू नको हं! सत्कार घडवणारे विनायकराव बुरा मानतील."

दर रविवारी ती तात्यांजवळ बसून माझी झाडझूड करू लागली. फोटो मागच्या पानावर गेले, पळती अक्षरं थांबली. मला तर अंघोळ केल्यासारखं वाटलं! नंबर वर आणून तिनं सहज लावून पाहिला, तर शेजारच्या कपाटातच फोन वाजला.

"तात्या, हा तर इथेच वाजतोय!"

"वाजू दे." तात्यांनी मान फिरवली. "रिचार्ज करतो मी. पण लोक कल्पनालाच विचारतात गं. हर वेळी काय सांगू, ती नाही म्हणून?"

मृणालचे डोळे भरले. "मग नवा नंबर टाकू?"

"नाही! तिचाच राहू दे."

"तर मग उचलावा लागेल, तात्या. तिकडे कुणाची तरी आई पडलेली असते."

तात्या उठले. कपाट उघडून त्यांनी तो फोन काढला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

दुसऱ्याच दिवशी देवास गेट भागातून कुणीतरी माझं फोन लावायचं नवं हिरवं बटण दाबलं. बऱ्याच रिंग गेल्यावर तात्यांनी उचलला.

"कल्पना मॅडम हैं क्या?"

तात्या म्हणाले, "वो अब नहीं रहीं, भैया. मैं उनका घरवाला बोल रहा हूँ. बताओ, क्या चाहिए?"

त्या संध्याकाळी एक व्हीलचेअर पुसून बाहेर गेली.

आता मी साधी, नीटनेटकी आहे आणि कामाची आहे. देव करो, तुम्हाला माझी गरज न पडो. पडलीच, तर बिनधास्त बटण दाबा. फक्त रिंग जरा वाजू द्या, लगेच ठेवू नका. तात्यांना अजून थोडा वेळ लागतो, पण ते उचलतात.