समुद्रातली शिकार

नई सडकेवरच्या दोन खोल्यांत शरयूने चार वर्षं खपून एक व्हिडिओ गेम लिहिला होता. परग्रहावरच्या समुद्रात नुसतं पोहायचं आणि तिथल्या महाकाय जलचरांची गाणी ऐकत त्यांची गोष्ट उलगडायची. मग तिची छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली.

"शांतता विकली जात नाही, मॅडम," नवे साहेब म्हणाले. "गेममध्ये शिकार घाला."

सहकारी मधूने त्याच दिवशी राजीनामा दिला. "तू पण चल ना. काय ठेवलंय इथे?"

दुसरं कुणी हे काम वाईट करेल, अशी स्वतःची समजूत घालून शरयू थांबली. संध्याकाळपर्यंत तिने जलचराचं मरतानाचं गाणं लिहिलं.

साहेबांना ते फारच आवडलं. त्यांनी आणखी सहा मागितली.