चार सूत

सुक्यानं पत्र्याचा फर्मा सरळ कॉम्प्युटरच्या काचेवर टेकवला आणि एक डोळा मिटून बघितलं. काचेवरची रेघ आणि फर्म्याची कड एकावर एक बसत होती.

"काका, काच खरवडेल," दक्षा म्हणाली.

"खरवडू दे. शेठची हाय."

तरी फर्मा काढल्यावर त्यानं बाहीनं काच पुसली.

तलासरीजवळ हायवेला लागून मुकेशशेठचं वर्कशॉप. मोठ्या इमारतींत थंड हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी डक्ट इथं बनायचे. डक्ट जिथं वळतो तो तुकडा म्हणजे बेंड, आणि बेंड म्हणजे सुक्या. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण भिंतीवर खिळ्यांना त्याचे चाळीस फर्मे टांगलेले. फर्मा पत्र्यावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, कापायचं. अठरा वर्षं असंच चाललं.

मग २०१७ साली कंत्राटदार अख्खी इमारत कॉम्प्युटरवर उभी करून पाठवायला लागले. त्या मॉडेलमधला बेंड मशीननं कापायचा तर पत्रा किती जाड, शिवण कुठं, फ्लँजची, म्हणजे दोन तुकडे जोडायच्या कडेची, घडी केवढी, हे सगळं आधी कोणीतरी मशीनला शिकवायला पाहिजे. त्यासाठी शेठनं वाणगावची दक्षा तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवली. पहिला माल साईटवर बसला तर कायम, नाय तर घरी.

दक्षा कोर्स करून आली होती, पण पत्र्याला तिनं कधी हात लावला नव्हता. पहिल्याच बेंडला तिनं शिवण खालच्या अंगाला घेतली. सुक्यानं तिला विचारलं, थंड पत्र्याला सुटलेलं पाणी त्या शिवणीतून कोणाच्या ताटात पाडायचंय? ती हसली आणि वहीत लिहून घेतलं. रोज असं काहीतरी लिहायची, आणि घरच्या मिरच्या आणून गुपचूप त्याच्या डब्याशेजारी ठेवायची. सुक्या फर्म्यांना कोणाला हात लावू देत नसे. तिला मात्र मापं घ्यायला एकेक उतरवून द्यायला लागला.

माल गेला आणि तिसऱ्या दिवशी साईटवरून फोन आला. सहा बेंड, सहाही बसत नाहीत. नकाशापेक्षा लांब पडतात.

शेठ ओरडला नाही, तेच वाईट. दक्षाला म्हणाला, शनिवारी हिशेब करून जा. सुक्या तिची बाजू घ्यायला गेला. सांगितलं की मापं माझ्या फर्म्यावरची हायत, आणि माझे बेंड अठरा वर्षं बसतायत. त्यानं उलटंच झालं. फर्मा बरोबर, तर चूक पोरीचीच. दक्षानं साईटवरून परत आलेला एक बेंड आणि फर्मा शेजारी ठेवून टेप लावला. सुक्यानं तीनदा लावला. केसाचा फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो टेम्पोत बसून साईटवर गेला. तिथं डक्ट जोडायला बाळ्या होता, त्याच्याच झरी गावचा. सुक्यानंच त्याला धंद्यात आणलेलं.

"बाळ्या, माझे बेंड बसायचे ना?"

"बसायचे."

"मग हा का नाय बसत?"

बाळ्या हातातला पाना फिरवत राहिला.

"याला फ्लँज वर्कशॉपातच आलाय, दादा. तू पाठवायचा तेव्हा एक तोंड मोकळं असायचं. मी मानेतून चार सूत कापायचो, मग फ्लँज लावायचो. आता कापायला जागाच नाय."

मान म्हणजे बेंडच्या तोंडाचा सरळ भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच.

"किती वर्षं कापतोस?"

"झाली सात-आठ."

"आन् मला सांगितलं नाय?"

"कातर तू दिलीस माझ्या हातात. तुला चार सूत काय सांगायचं?"

सुक्यानं त्याचा पंजा धरला, उलटा केला. पत्र्यानं कापलेल्या जुन्या रेघा होत्या, पुष्कळ.

परतताना त्याच्या ध्यानात आलं. फर्मा झिजला की तो त्याच्यावरूनच नवा कापायचा, रेघेच्या बाहेरून. दर वेळी अर्धं सूत वाढत गेलं. तोंडाचं माप तो टेपनं बघायचा, मानेचं कधीच नाही.

शेठसमोर, सगळे ऐकत असताना त्यानं सांगितलं. पोरगी बरोबर हाय, फर्मा लांब हाय.

"अठरा वर्षं?" शेठनं विचारलं.

"शेवटची आठ. त्याच्या आधी बरोबर होतो."

शेठ हसला. सोमवारपर्यंत नवे बेंड पाहिजेत म्हणाला. शनिवारच्या हिशेबाचं पुन्हा कोणी काढलं नाही. दक्षा काहीतरी बोलायला आली, तर सुक्यानं तिला हातानंच कॉम्प्युटरकडं पिटाळलं.

सकाळी तो बाळ्याला घेऊनच आला. दक्षाच्या शेजारी स्वतःच्या खुर्चीवर त्याला बसवलं आणि एकेक फर्मा काढून पुढ्यात धरायला लागला.

"चार सूत," बाळ्या म्हणाला. पुढच्याला तीन. पुढच्याला परत चार. दक्षा कमी करत गेली.

मग सगळ्यात मोठा आला, सुक्याच्या आवडीचा. बाळ्यानं तो बघितला, सुक्याकडं बघितलं.

"हा बरोबर हाय."

सुक्या थांबला. फर्मा बाळ्याच्या मांडीवर ठेवून त्यानं पाठ फिरवली, तोंड भिंतीकडं केलं.

"आता सांग."

मग बाळ्यानं घसा साफ केला.

"दोन सूत."

दक्षाची बटणं वाजली. सुक्यानं तसंच, मागं न बघता, हात वर करून खिळ्यावरचा पुढचा फर्मा काढला.