पाचव्या खाचेतली चूक

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. खऱ्या आगगाडीत मी कधी बसलो नाही. संगणकावर विजेच्या उपनगरी गाडीचा एक खेळ असतो. त्यात पडद्यावर रूळ धावतात, एकामागून एक स्थानके येतात आणि खेळणाऱ्याने गाडी चालवायची असते. ती चालवता यावी म्हणून मला बनवले. माझ्या डाव्या बाजूला वेगाचा दांडा आहे आणि उजव्या बाजूला ब्रेकचा. ब्रेकच्या दांड्याला आठ खाचा आहेत. दांडा एक खाच सरकला की 'टक्' असा आवाज येतो. आपली हकिगत सांगताना थोडा मोठेपणा मिरवावा असे सगळ्यांनाच वाटते. मला मात्र ते जमणार नाही. माझी हकिगत मान खाली घालूनच सांगण्यासारखी आहे.

कारखान्यात एका लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांनी मला जोडले. शेवटच्या बाईने माझे दोन्ही दांडे वीस वीस वेळा पुढेमागे करून पाहिले आणि माझ्या पाठीवर एक हिरवा ठिपका चिकटवला. तपासला, बिनचूक आहे, असा त्याचा अर्थ. त्या ठिपक्याचा मला फार अभिमान वाटे.

दुकानातून मला एका मुलीने घरी आणले. मुलगी म्हणजे चांगली पस्तिशीची बाई. टपाल कार्यालयात पार्सलच्या खिडकीवर ती काम करी. तिचे वडील चौतीस वर्षे विजेची गाडी चालवून नुकतेच निवृत्त झाले होते. बापलेक दोघेच तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत.

"बाबा, हे तुमच्यासाठी," ती म्हणाली.

त्यांनी मला उलटेपालटे करून पाहिले. "खेळणं आहे?"

"खेळणंच. पण दांडे अगदी खऱ्यासारखे आहेत म्हणे."

त्यांनी ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला. त्या हाताला काय हवे ते मला लगेच कळले. तो हात दांड्याला ढकलत नव्हता, विचारत होता. पुढे जाऊ का, थोडे मागे येऊ का, असा.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नेम ठरला. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून ते जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर बसत. घरात बूट कशाला, असे लेकीने एकदा विचारले. "अनवाणी गाडी चालवतात का?" असे म्हणून त्यांनी विषय संपवला. पडद्यावर ब्रेकची खाच, वेग, अंतर असे आकडे दिसत. ते त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकले. "आकड्यांकडे बघत बसलं तर रुळांकडे कोण बघणार?" ते म्हणत.

त्यांची थांबण्याची रीत ठरलेली होती. गाडी फलाटाच्या तोंडाशी आली की दांडा थेट पाचव्या खाचेत. तिथे मनातल्या मनात काही आकडे मोजायचे, मग तिसरी, मग दुसरी, आणि शेवटी अलगद सोडून द्यायचे. गाडी फलाटावरच्या थांब्याच्या खुणेच्या वीतभर अलीकडे नाहीतर वीतभर पलीकडे उभी राही. त्याहून जास्त कधी चूक झाली नाही.

"बाबा, फलाटावरची ती माणसं नुसती चित्रं आहेत. त्यांच्यासाठी किती जीव काढता," लेक एकदा हसत म्हणाली.

"असू देत चित्रं. त्यांनाही वेळेवर पोचायचं असतं."

एक दिवस दुपारी त्यांचे जुने सोबती घरी आले. पुढचा एक दात पडल्यामुळे बोलताना त्यांच्या तोंडून बारीक शीळ वाजे, म्हणून कामावर सगळे त्यांना 'शिट्टी' म्हणत. नव्या चालकांना शिकवण्याची शाळा आता त्यांच्याकडे होती. त्यांनी बाबांना पाच स्थानके घेताना पाहिले आणि हातातला कप खाली ठेवला.

"लेका, असले हात घरी ठेवून काय करतोस? शाळेत ये. आठवड्यातून दोन दिवस. नव्या पोरापोरींच्या शेजारी बस आणि त्यांना ब्रेक शिकव."

"महिन्याभरात सांगतो," बाबा म्हणाले. पण त्यांचे ठरलेच होते. संध्याकाळी त्यांनी एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले, 'ब्रेक लावण्याआधी'. त्यांचे अक्षर गिचमिड होते, पण पान भरत होते. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस ते एवढेच.

त्यानंतर आठवड्याभराने ते घडले. लेकीला त्या सकाळी कामावर जायला उशीर झाला होता. एका हाताने पिशवी भरताना तिने कॉफीचा कप माझ्याजवळ टेकवला आणि तिच्या कोपराचा धक्का लागला. दोन चमचे साखरेची कॉफी माझ्या अंगावर सांडली. तिने घाईघाईने फडक्याने मला पुसले. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. तिने त्या दाराकडे एकदा पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि "सुकेल," असे स्वतःशीच म्हणून ती निघून गेली. संध्याकाळी सांगू असे तिच्या मनात असेलही. पण त्या दिवशी पार्सलच्या खिडकीवर रांग हटली नाही, आणि घरी येईपर्यंत ती गोष्ट तिच्या डोक्यातून गेली.

वरून मी सुकलो. आत सुकलो नाही. माझ्या पोटात एक छोटी चकती आहे. दांडा हलला की तिच्यावरून पत्र्याची एक बारीक पट्टी सरकते, आणि दांडा कुठल्या खाचेत आहे ते संगणकाला कळते. साखरेचे पाणी नेमके तिथे झिरपले आणि त्यावर धूळ बसली. मग दांडा पाचव्या खाचेत असला तरी मी संगणकाला तिसरी खाच सांगू लागलो. तेही दरवेळी नाही. कधी खरे, कधी खोटे.

पहिल्या दिवशी गाडी खुणेच्या अकरा मीटर पुढे गेली. पडद्यावर 'स्थानक ओलांडले' अशी लाल अक्षरे आली. ती त्यांच्यासमोर पूर्वी कधी आली नव्हती.

"चुकलं," बाबा म्हणाले आणि पुढच्या स्थानकाकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी वीस मीटर. तिसऱ्या दिवशी गाडी नीट थांबली, आणि चौथ्या दिवशी अख्खा डबा फलाटाबाहेर गेला. पाचव्या दिवशी, रविवारी, त्यांनी लेकीला बोलावले. "जरा बघ गं, ब्रेक लागतोय का नीट."

ती त्यांच्या जागेवर बसली. ती पडली नवखी. स्थानक दिसताच घाबरून तिने पहिल्या खाचेतच ब्रेक लावला, मग दुसऱ्या खाचेत, आणि गाडी रखडत रखडत नेऊन उभी केली. पाचव्या खाचेपर्यंत तिचा हात गेलाच नाही. पहिल्या दोन खाचांत माझ्याकडे काहीच खोट नव्हती.

"लागतो की, बाबा," ती म्हणाली.

म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. ब्रेक बिघडलेला निघाला असता तर बरे झाले असते, असे तिला वाटले असावे. बाबा "हं" एवढेच म्हणाले. मी मूग गिळून गप्प होतो. माझी चूक त्या माणसाच्या हातावर ढकलली जात होती, आणि पाठीवरचा हिरवा ठिपका मला चटके देत होता.

त्यांनी डोळे तपासून घेतले. वयाच्या मानाने उत्तम आहेत, असे डॉक्टर म्हणाले. मग ते खिडकीच्या उजेडात हात धरून उभे राहू लागले. बोटे थरथरतात का ते पाहत. बोटे थरथरत नव्हती. तरी ते पुन्हा पाहत. पूर्वी ते छत्री विसरले की लेक हसायची आणि जिन्यातून छत्री खाली टाकायची. आता ते काही विसरले की ती त्यांच्याकडे बघत राही. ते बघणे त्यांना कळत होते.

एका सकाळी कामावर जाण्याआधी तिने खेळात काहीतरी बदलले. हेतू चांगला होता. चालकाकडून ब्रेक कमी पडला तर खेळ स्वतःच गाडी थांबवील, अशी एक सोय असते. ती तिने सुरू करून ठेवली आणि मुद्दाम थोडी रेंगाळली. बाबा बसले. पहिल्या स्थानकावर गाडी तंतोतंत खुणेवर थांबली. दुसऱ्या स्थानकावरही.

"बघा, जमलं की," लेक म्हणाली.

बाबांनी दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "ही गाडी मी थांबवली नाही," ते म्हणाले. "चौतीस वर्षांत कुणी माझा ब्रेक लावला नव्हता."

त्यांनी बूट काढले, दाराशी नेऊन ठेवले आणि शिट्टींना फोन करून बोलावून घेतले.

शिट्टी आले ते शाळेचे वेळापत्रक घेऊनच. बाबांनी ते उलगडलेही नाही.

"जागा दुसऱ्या कुणाला दे. आणि एक गोष्ट ऐक. माझ्या शेवटच्या वर्षी गाडी अर्धा डबा पुढे गेली होती. एक बाई दारात पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. चौकशीत रूळ निसरडे होते असं निघालं. तसं नव्हतं. हात माझाच चुकला होता."

"काहीतरीच काय बोलतोस? त्याच जागी आधीच्या दोन गाड्याही खुणेच्या पुढे गेल्या होत्या."

"त्यांचं मला ठाऊक नाही. माझं मला आता कळलं."

मित्रांनो, तेव्हा मला वाटले, कारखान्यातच माझा दांडा मोडला असता तर बरे. एका खेळण्याच्या खोटेपणावरून एक सरळ माणूस स्वतःला गुन्हेगार ठरवत होता. ज्या दिवशी त्यांचा हात चुकला नव्हता, तो दिवसही मी त्यांच्याकडून हिसकावून घेतला होता. जाताना शिट्टींनी वेळापत्रक तसेच खिशात घातले.

मला कपाटात टाकले. चार महिने मी चादरींच्या मागे होतो. शेवटी लेकीने मला कामावरच्या एका बाईला देऊन टाकायचे ठरवले. वेगाच्या दांड्याची मूठ सैल झाली होती. ती बसवून घ्यावी म्हणून तिने मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. तिथल्या ताई रेडिओ, पंखे, इस्त्र्या, हाती येईल ते उघडत. त्यांनी माझे चार स्क्रू काढले आणि भुवया उंचावल्या.

"मूठ राहू द्या. यावर गोड काहीतरी सांडलंय. ब्रेकची चकती पार चिकटलीय. हा खोटं सांगत असणार."

"म्हणजे कसं?"

"दांडा पुढे असला तरी कमी दाखवत असणार. पहिल्या खाचांत कळायचं नाही. चारपाचच्या पुढे गेलं की."

लेकीने समोरचे स्टूल ओढले आणि त्यावर बसली. तिला कप आठवला, फडके आठवले. ताई माझी चकती स्पिरिटने पुसत होत्या आणि ती त्या कापसावरचा तपकिरी डाग बघत होती.

घरी येऊन तिने मला टेबलावर ठेवले आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले. "कॉफी मी सांडली होती. लपवली. मग विसरले. आणि तुमचं वय झालं असं धरून चालले."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी तो नीट दुमडला.

"कॉफीचा राग नाही गं. कप कुणाच्याही हातून पडतो. पण तू माझ्याकडे बघायला लागली होतीस ना, त्याचा आहे."

ती रडली. त्यांनी तिला रडू दिले, गप्प केले नाही. मग उठून पाणी आणून दिले.

मला वाटले, आता सगळे पूर्वीसारखे होईल. तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी ते बूट घालून बसले, फलाट दिसला आणि त्यांनी कितीतरी आधीच ब्रेक लावला. दुसरी खाच, तिसरी, पुन्हा दुसरी. गाडी खुणेच्या चाळीस मीटर अलीकडे थांबली. मी आता खरे बोलत होतो, पण त्यांचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता, आणि स्वतःवर त्याहून कमी. मला दुरुस्त करायला एक तास पुरला. त्या हाताला सात आठवडे लागले. लेक रोज सकाळी शेजारी बसे, गाडीकडे बघे, त्यांच्याकडे नाही. एका गुरुवारी दांडा पाचव्या खाचेत आला आणि तिथे टिकला. बाबा मनात मोजत होते, ते मला त्यांच्या बोटांतून कळत होते.

त्याच दिवशी त्यांनी शिट्टींना फोन केला. शाळेतली जागा भरली होती. "पुढची तुकडी आली की बघू. आणि तू त्या दिवशी जे बोललास ते मी कुठे बोललो नाही," शिट्टी म्हणाले. बाबांनी विचारले, "तोवर मागच्या बाकावर बसून ऐकलं तर चालेल का?" तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी ते शाळेत जातात. वही सोबत नेतात.

मित्रांनो, आता मी फारसा कामात नसतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी लाज मात्र जात नाही. खिडकीशी हात धरून उभे असलेले बाबा मला अजून दिसतात. म्हणून एवढेच मागतो. कुणाचे काही चुकू लागले तर त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी त्याच्या हातातली वस्तू एकदा उघडून पाहा. वस्तू तुमच्याकडूनच बिघडली असेल, तर त्याच दिवशी सांगून टाका. मी गप्प राहिलो, कारण मला वाचा नाही. तुम्हाला आहे.