होती तशी खोली

कान तुटलेला तो कप टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात होता, आणि तिचा हात मात्र उजवीकडे ओढला गेला. पुरता गेला नाही – मध्ये जाड दोरी बांधलेली होती, पलीकडे जायचं नाही, कशाला शिवायचं नाही – पण खांद्यापासून बोटांपर्यंत काहीतरी उजवीकडे निघालं आणि तिथं काहीच नाही म्हटल्यावर आल्या वाटेनं परत फिरलं. जिन्याची अजून एक पायरी आहे असं समजून टाकलेला पाय जमिनीवर आपटतो, तसं. कपात ब्रश होते, केस वर, दांडे खाली, मामा ठेवायचे तसेच. कप तोच होता. कडेचा टवकासुद्धा तोच. तो तिच्याच हातून उडाला होता आणि मामी दोन दिवस तिच्याशी धड बोलल्या नव्हत्या. सगळं तेच... फक्त जागा ही नव्हती. का हीच होती?

तिनं नजर उचलून पलीकडे पाहिलं आणि पाहायला नको होतं असं तिला झालं. खाट उजव्या खिडकीखाली होती. ती डाव्या खिडकीखाली असायची. रंगांच्या नळ्यांची फळी उजवीकडची, ती डावीकडे गेली होती. लोखंडी शेगडी, तिच्याजवळचं ठेंगणं स्टूल, भिंतीला टेकवलेल्या कोऱ्या चौकटी – एकूण एक वस्तू ओळखीची आणि एकही जागच्या जागी नाही. एखादी वस्तू हललेली असती तर ती हसून म्हणाली असती, अहो, हे असं नव्हतं बरं का. पण अख्खी खोली चुकत नसते. अख्खी खोली एकीकडे आणि एक म्हातारी बाई दुसरीकडे असली, की डोकं कुणाचं फिरलंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

"सावकाश बघा," संग्रहालयाचे प्रमुख म्हणाले. "घाई नाही."

दोन्ही हात पाठीमागे बांधून ते तिच्या शेजारी उभे होते, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे. निकाल खरं म्हणजे तिचा होता, पण ते त्यांना कुठून माहीत असणार. त्यांच्या दृष्टीनं ती थोर चित्रकाराची भाची होती, शिकत असताना या घरात राहिलेली. मामा गेले, मामी गेल्या, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ही खोली वापरात असताना पाहिलेलं एकच माणूस आता उरलं होतं आणि ते म्हणजे ती. घर लोकांना कधीच खुलं झालं होतं, ही खोली तेवढी आता उघडायची होती. तिनं एकदा नजर टाकून हो म्हणावं, म्हणजे आमचा जीव भांड्यात पडेल, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. अंदाजानं काही केलेलं नाही, हेही सांगितलं होतं. मामांचं ते खोलीचं चित्र – शाळेच्या पुस्तकापासून दवाखान्याच्या भिंतीपर्यंत सगळीकडे असतं ते – मोठं करून, त्यावर दोऱ्या ताणून, एकेक वस्तू मोजून मापून लावली होती.

"चित्रापेक्षा चांगला साक्षीदार कोण?" प्रमुख म्हणाले.

खरंच, कोण? तिनं लेकीकडे पाहिलं. लेक खोलीकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती.

ते बघणं तिच्या ओळखीचं होतं. गेल्या काही महिन्यांत ते घरात वस्तीलाच आलं होतं. दूध उतू जातं, ते कुणाचंही जातं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणं हा तर म्हातारपणाचा जुना विनोद. त्यावर दोघी हसल्याही होत्या. पण त्या दिवशी बसमधून उतरल्यावर, आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, घर या हाताला की त्या हाताला हे तिला उमगेना, आणि ती तिथंच उभी राहिली, पिशवी पोटाशी धरून, जीव मुठीत घेऊन, कुणीतरी ओळखीचं येईल म्हणून... त्यावर कुणी हसलं नव्हतं. लेकीनं गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली होती. सहज म्हणून. सहज, एकदा दाखवून घेऊ.

आणि नेमकं त्याच सुमारास संग्रहालयाचं बोलावणं आलं. तेव्हा तिनं स्वतःशीच पैज लावली – कुणाला न सांगता, लहान मुलं लावतात तशी – ती खोली मला बरोबर आठवली, तर मला काहीही झालेलं नाही. दुपारी पडल्या पडल्या ती मनातल्या मनात त्या खोलीत शिरायची. दारातून सरळ, डाव्या हाताला खाट, समोर टेबल, उजव्या कोपऱ्यात कप. हाक मारावी आणि वस्तूनं ओ द्यावी, इतकं स्वच्छ. म्हणून तर आज ती ठेवणीतले कपडे घालून, जवळपास तोऱ्यातच आली होती. पैज जिंकायलाच आली होती ना.

"काय, आहे ना तसंच?" प्रमुखांनी विचारलं.

नाही म्हणावं? म्हणावं, की अहो, तुमची सगळी खोली चुकली आहे? प्रमुख मोजमापाचे कागद दाखवतील, नम्रपणे दाखवतील, आणि लेक हळूच कोपराला धरेल... तिनं मान डोलावली. "हो. असंच होतं. अगदी असंच."

प्रमुखांनी मोठा श्वास सोडला. लेकीचे खांदे सैल झाले. आपण किती सफाईनं खोटं बोललो याचंच तिला आधी नवल वाटलं आणि मग, पुढच्याच क्षणाला, ही सफाई कुठली ते कळलं. ही तिच्या आईची मान होती. आई अशीच डोलवायची. काहीही विचारा – हो हो, असंच, बरोबर – समजूतदार हसायची, आणि आपण विसरत चाललोय याचा वर्षभर कुणाला पत्ता लागू दिला नव्हता तिनं. मी मात्र ओळखलं होतं. मी तिच्याकडे असंच बघायचे, जेवताना, बोलताना, ती दार उघडायला उठली तरी. आज माझी लेक बघते ना, अगदी तसं. तेव्हा मला वाटायचं की आईला ते बघणं जाणवत नसेल.

प्रमुख पुढं निघाले होते, बाकीचं घर दाखवायला. ती मागून चालत होती, पायाखालची जमीन चाचपत. बोळ, स्वयंपाकघर, मग मामींची खोली. काय सांगत होते ते कानावर पडत होतं आणि गळून जात होतं. मामींचा पलंग, मामींचं कपाट, मामींचा आरसा. माणसाच्या उंचीचा, लाकडी चौकटीचा आरसा. त्यात तिला तिघं दिसली. दोन धडधाकट माणसं आणि मध्ये एक पांढरी पडलेली बाई. तिनं घाईनं नजर खाली वळवली. चौकटीच्या खालच्या कडेला रंगाचे ठिपके होते. वाळलेले, निळे, मातकट, एकावर एक.

मामींच्या आरशाला रंग कसा लागला?

आधी वास आला – टर्पेंटाइनचा, ओल्या चिंध्यांचा – आणि वासाच्या मागोमाग मामांची पाठ. मामांची पाठ आणि आरशातला चेहरा. दाराकडे तोंड करून बसलेत, खोली सगळी पाठीमागे, समोर हा आरसा टेकवलेला, आणि आरशात बघून ते खोली रंगवताहेत. रोज बघून बघून डोळे बोथट होतात, म्हणायचे; आरशात आपलीच खोली परकी वाटते, आणि परकी वाटली की मग ती दिसते. काम चालू असताना कुणाला आत येऊ द्यायचे नाहीत. तिला तेवढी मुभा होती, चहापुरती. ती मागून जाऊन टेबलावर चहा ठेवायची आणि ते वळूनसुद्धा न बघता, आरशातल्या तिला म्हणायचे, लवकर बाजूला हो, चित्रात येते आहेस, नाहीतर रंगवून टाकीन आणि मग बस जन्मभर तिथंच. संध्याकाळी आरसा परत मामींच्या खोलीत. मामी कुरकुरायच्या, यांच्या चित्रापायी मला केस विंचरायची चोरी.

आरशात. सगळं आरशात! उजव्याचं डावं, डाव्याचं उजवं, आणि या शहाण्यांनी तेच मोजून मापून...

"थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा निघाला की लेक दचकली. "तुमची खोली उलटी लागली आहे."

मग तिनं सांगितलं, धाप लागेपर्यंत सांगितलं. प्रमुख आधी सौजन्यानं ऐकत होते. मग त्यांनी फोनवर ते चित्र उघडलं, बोटानं उलटवलं, बराच वेळ बघितलं, आणि एकदम त्या खोलीकडे चालू लागले. दोरी ओलांडून डाव्या खिडकीखाली गुडघे टेकून त्यांनी लाकडी जमिनीवरून हात फिरवला. तिथं चार खळगे होते, खाटेच्या पायांएवढे. इथं कधीतरी कपाट असावं असं म्हणून त्यांनी ते सोडून दिले होते. मग मान वर करून ते म्हणाले, "तुम्ही आला नसता तर आम्ही जन्मभर हेच दाखवत बसलो असतो."

लेकीनं तिला मिठीच मारली. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लेक हसली की रडली कळलं नाही, बहुधा दोन्ही. "आई, तुला सगळं आठवतं. सगळं." छातीवरचा धोंडा उतरला. उतरला म्हणजे काय, गडगडत जिन्यावरून खालीच गेला. ती पैज जिंकली होती, आणि तीही कशी – चित्र खोटं पाडून, मोजमापं खोटी पाडून!

बाहेर अंगणातल्या बाकावर दोघी बसल्या. ऊन होतं, पण बोचत नव्हतं. निरोप घेताना प्रमुखांनी उद्घाटनाला यायचा आग्रह केला होता आणि तिनं मोठ्या मानानं बघू म्हटलं होतं. लेक गुणगुणत होती; कित्येक दिवसांनी. मग ती म्हणाली, "डॉक्टरांची वेळ रद्दच करून टाकू का? उगाच कशाला तुला..." फोन तिच्या हातात होताच.

हो म्हणायचं, बस. ओठांवर आलंच होतं... आणि कुठून कोण जाणे, आई समोर आली. मान डोलावणारी नव्हे. दुसरी, खुर्चीत ताठ बसून बोलणारी. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जिथं तिचं लहानपण गेलं, त्यांचं वर्णन करणारी. कोणत्या खुंटीवर कुणाचा कोट, कोणत्या दाराची कडी निसटायची, धाकट्या भावानं गोट्या कुठं लपवल्या होत्या. एकदा थोरल्या मावशीनं खडा टाकून पाहिला, मुद्दाम चुकीचं सांगितलं, तर आईनं तिला तिथल्या तिथं झापलं, आणि मावशी म्हणाली, हिचंच बरोबर आहे. काय खूश झाली होती आई. तोंड उजळून गेलं होतं तिचं. आम्हीही खूश, बघा, हिला सगळं आठवतं, म्हणालो होतो. आणि त्या आनंदातच आई माझ्याकडे वळून, फार अदबीनं म्हणाली – "तुम्ही कुणाकडच्या?"

तिनं स्वतःच्या गालाला हात लावला. गाल अजून गरम होते, आनंदानं.

नाव काय त्या प्रमुखांचं? सकाळी फाटकापाशी सांगितलं होतं त्यांनी, लेकीनं दोनदा घेतलं होतं. तिनं मनातल्या मनात हाक मारून पाहिली. कुणी ओ दिली नाही. त्या हाकेला ओ देत आली ती खोलीच. न बोलावता, लख्ख, खाट डावीकडे, कप उजवीकडे, मामांची पाठ मध्ये – इतकी पुढं येऊन उभी राहिली की तिच्याआडून आजची सकाळ दिसेना. ती खोली आठवणार नाही, याची इतके दिवस भीती वाटत होती. आता भीती वाटली ती एवढीच खोली शेवटी आठवत राहील, याची.

"आई? करू ना रद्द?"

तिनं लेकीचा हात धरला, जरा जास्तच घट्ट. "नको," ती म्हणाली. "राहू दे. गुरुवारी जाऊ आपण."

आणि आपण वार बरोबर सांगितला की नाही, ते ती लेकीच्या चेहऱ्यावर शोधू लागली.