न सांगता केलेलं

डॉक्टरीणबाईंनी बाळीचा खालचा ओठ अंगठ्याने उलटा केला. आतूनही निळसरच. ऑक्सिजन लावूनही रंग पालटत नव्हता. एरवी परक्याचा हात लागला की घर डोक्यावर घेणारी पोर मुकाट पडून होती.

“हिरड्यांना काही लावलं होतं?”

“दात येतायत ना, म्हणून बधिर करायचं जेल,” बाळीची आई म्हणाली. “सकाळी एकदाच. वाटाण्याएवढं.”

“नक्की एकदाच? किती पोटात गेलंय ते मला कळायला हवं.”

“एकदाच हो.” सासूबाईंकडे बघायचा तिला धीर झाला नाही. जेल आणायचा हट्ट तिचाच होता.

सासूबाई मघापासून चष्मा पुसत होत्या. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. या बाईने आयुष्यभर घराला एकच शिकवलं होतं, केलेलं बोलून दाखवायचं नाही. भांडी कुणी घासली, बिल कुणी भरलं, कुणी म्हणून सांगायचं नाही. गुण चांगलाच म्हणा, आजपर्यंत.

“दुपारी मीही लावलं,” त्या म्हणाल्या. “तू दमून झोपली होतीस. म्हटलं, हिच्या रडण्याने उठायला नको.”

“किती?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“चांगलं बोटभर.”

बाळीच्या आईने दाराशी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. आईच्या शिकवणीत तोच तर वाढला होता.

त्याने खिशातून ट्यूब काढली. पार चपटी झालेली.

“संध्याकाळी,” तो म्हणाला. “दोनदा. तुम्हा दोघींना जरा पडता यावं म्हणून.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेवढा वेळच नव्हता. नर्सने सिरिंज भरली. औषधही गडद निळं. “जेलमुळे रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाहीये, हा त्यावरचा उतारा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषध हळूहळू शिरेत गेलं. तिघंही बाळीच्या ओठांवर नजर लावून बसले.

बऱ्याच वेळाने ओठांवर गुलाबी कड आली. मग पाय झाडला, आणि बाळीने भोकाड पसरलं.

“शू, शू,” बाबांच्या तोंडून सवयीनेच निघालं.

“रडू दे रे.” सासूबाईंनी बाळीकडे हात नेला, पण मध्येच थांबवला. सुनेकडे बघून म्हणाल्या,

“पाठीवरून हात फिरवतेय गं. नुसता हात.”